अदलाबदलीचं दार

ये शलाका, अशी जवळ येऊन बस. तो फोन आधी उलटा ठेव. संक्रांतीला येते म्हणालीस, मग होळीला म्हणालीस, मग म्हणालीस की काकू, दिवाळीला नक्की. दिवाळी आली आणि तू अजून पुण्यातच. वर मेसेजमध्ये जोडलेल्या दोन हातांचं चित्र पाठवतेस, जशी काही मी देवळात जाऊन बसले आहे. माणसाने इतकंही बिझी असू नये गं.

आपल्या मंडळाच्या अंकवाल्यांनी मागे लागून लागून मला लिहायला बसवलं. म्हणाले, "काकू, तुम्ही इतकी वर्षं कंप्युटरवर काय करत होतात ते आम्हाला कुणालाच समजलेलं नाही, ते एकदा लिहून टाका." आता मला भाषणासारखं लिहिता येत नाही. समोर कुणीतरी लागतं. म्हणून तुला मनातल्या मनात समोर बसवलं आहे, बाकीच्यांनी आमच्या बाजूला बसून ऐकावं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, ही शलाका मूळची इंदूरची, आता पुण्यात असते. आमची ग्वाल्हेरची छोटी कंपनी इंदूरच्या मोठ्या कंपनीत मिळवली गेली, तेव्हा दोन्हीकडचा कोड एकत्र करून नीट लावायला हिला इकडे पाठवलं होतं. माझ्या शेजारच्याच टेबलावर बसायची. पहिले काही महिने मला ती मुळीच आवडत नव्हती. तिलाही मी आवडत नसणार.

आमचं ऑफिस नई सडकेवर, भांड्यांच्या दुकानाच्या वर. दिवसभर खालून स्टीलच्या डब्यांचा आवाज. लहान दवाखाने आणि डायलिसिस सेंटरं यांचं काम आम्ही करायचो. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांचं रक्त मशीनने साफ करावं लागतं, आठवड्यातून दोनदा-तीनदा, अर्धा दिवस खुर्चीत बसून, आणि हे जन्मभर. खुर्च्या थोड्या, माणसं पुष्कळ. त्यामुळे प्रत्येकाचा वार ठरलेला, वेळ ठरलेली, खुर्ची ठरलेली. कोण कधी कुठे बसणार, त्याच्या नळ्या-सुयांचं किट कोणतं, रिपोर्ट आला की नाही, हे सगळं आमचं सॉफ्टवेअर सांभाळायचं.

मी काही इंजिनियर नाही. आमच्या ह्यांचा टायपिंगचा क्लास होता, त्याचा पुढे कंप्युटर क्लास झाला, शिकवणारा मास्तर एक दिवस दिल्लीला निघून गेला आणि समोर मुलं बसलेली. मग मीच रोज पुस्तकातलं एक प्रकरण वाचायचे आणि तेच शिकवायचे. असं शिकत शिकत पुढे या कंपनीत येऊन लागले. असो, ते काही सांगण्यासारखं नाही.

कामाचं सांगते. आमच्याच गावात हजीरा भाग आहे, तिथल्या सेंटरवर पूनम नावाची टेक्निशियन आहे. ती तिच्या स्क्रीनवर एक बटण दाबते. त्या बटणातून आमच्या सर्व्हरकडे एक निरोप जातो आणि निरोपावर पत्ता असतो. नवीन पेशंट नोंदवायचा असेल तर एक पत्ता, खुर्ची द्यायची असेल तर दुसरा. या पत्त्याला रूट म्हणतात. मी मनात त्याला दारच म्हणायचे. आणि दाराच्या आत कोडचा जो तुकडा बसलेला असतो, जो निरोप ऐकतो, काम करवून घेतो आणि उत्तर पाठवतो, तो हँडलर. अशी सगळी दारं मिळून जे बनतं ते एपीआय. बस, इतकंच आहे. तरुण मुलं हे सांगताना तोंड फार गंभीर करतात.

सुरुवातीला आमची दारं अगदी मोजकी होती, म्हणून ती मी एकाच फाईलमध्ये ठेवली. आजचं काम आज झालं पाहिजे अशी घाई असायची. एखाद्या डॉक्टरांचा फोन यायचा की काकू, अमुक पाहिजे, की मी फाईलच्या शेवटी जाऊन एक दार ठोकून द्यायचे. दाराआड जो बसवायचा त्याच्याकडूनच सगळी कामं. तोच पेशंट शोधणार, तोच किट काढायला सांगणार, तोच मेसेज पाठवणार. म्हणजे घरात दार उघडायला गेलेल्या माणसानेच चहा टाकायचा, त्यानेच पाहुण्यांच्या चपला लावायच्या. चार पाहुण्यांपर्यंत चालतं हे. नंतर सेंटरं वाढली. डबऱ्याचं आलं, मुरैन्याचं आलं. फाईल इतकी लांब झाली की खाली जाता जाता मला वर काय होतं ते विसरायला व्हायचं.

शलाकाने पहिल्या दिवशी ती फाईल उघडली, बराच वेळ खाली खाली जात राहिली, आणि म्हणाली, "काकू, ही फाईल आहे की प्लॅटफॉर्म? सगळे इथेच अंथरूण टाकून झोपलेत."

मी म्हटलं, "झोपलेले नाहीत. सगळे कामावर आहेत. तू हळू चाल, कुणाला पाय लागेल."

"पाय तर लागणारच आहे," ती म्हणाली. "मला त्याच्यासाठीच पाठवलंय."

तिची पद्धत साधी होती, आणि आता सांगायला हरकत नाही, चांगली होती. विषयाप्रमाणे फोल्डर. पेशंटचं एक, खुर्च्यांचं एक, किटचं एक, इंदूरवाल्यांच्या लॅब रिपोर्टांचं एक. प्रत्येक फोल्डरमध्ये दारांची फाईल वेगळी. तिच्यात फक्त पत्ता आणि आत कोण बसलंय त्याचं नाव, दुसरं काही नाही. हँडलर दुसऱ्या फाईलमध्ये. आणि खरे नियम, कुणाला कोणती खुर्ची चालते, कोणतं मशीन चालत नाही, ते तिसऱ्या ठिकाणी. दार उघडणाऱ्याने दार उघडावं, स्वयंपाक आत व्हावा. मी ऐकून घेतलं. पण आपलं घर दुसऱ्याने आवरायला घेतलं की कसं होतं ते बायकांना सांगायला नको. प्रत्येक डब्यावर मनातून हात जात राहतो.

आणि आवरताना पहिली गडबड व्हायचीच होती, ती झाली. तिने सगळी दारं ओळीने, सुबक लावली. आता सर्व्हरची एक खोड आहे. निरोप आला की तो वरून खाली एकेक दार बघत येतो आणि जे पहिलं जुळेल त्यात शिरतो. एक दार होतं "पेशंट नंबर सांगा, त्याची माहिती देतो." दुसरं होतं "आजची यादी." नव्या रचनेत नंबरवालं दार वर गेलं, यादीचं खाली, आणि नंबरवालं दार येईल त्या शब्दाला नंबरच समजतं. झालं काय, पूनमने सकाळी "आज" चं बटण दाबलं, निरोप नंबरवाल्या दारात शिरला, आणि आतल्या हँडलरने मोठ्या अदबीने "आज" नावाचा पेशंट शोधला. कळवलं की असा कुणी पेशंट नाही.

हजीऱ्याला त्या सकाळी यादीच नाही. पूनमने आठवणीने माणसं बसवली. तिथे एक तोमरजी म्हणून होते, मिशीवाले, रिटायर्ड फौजी. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. यादी नाही म्हटल्यावर त्यांनी तिथे जाहीरच केलं, "लिस्ट नहीं है तो सीनियरिटी से बैठेंगे. और यहाँ सबसे सीनियर हम हैं." पूनमने मला फोन केला, "काकू, जल्दी करो, यहाँ फौज का राज आ गया है."

शलाकाने ते दार वर नेलं, काम झालं. मला वाटलं होतं आता ही माझ्यावर चिडेल, मी काही बोलायच्या आधीच. ती फक्त म्हणाली, "खास आधी, सर्वसाधारण नंतर. लिहून ठेवते." मग खाली जाऊन दोघींसाठी कचोरी घेऊन आली. त्या दिवसापासून आमचं जरा जमायला लागलं.

ते काम मात्र संपता संपेना. रोज सकाळी जुन्या फाईलमधून थोडं उचलायचं, फोल्डरमध्ये ठेवायचं, बघायचं की सेंटरांवर काही मोडलं तर नाही, मग पुढचं. इंदूरच्या कोडमध्येही पेशंट, आमच्यातही पेशंट, एकच माणूस दोनदा, दोन पत्त्यांवर राहणारा. मी इतकी दमायचे की घरी जाऊन भाजी चिरताना सुरी हातात धरून बसून राहायचे. आमचे हे म्हणायचे, "अगं, सोडून दे." मी म्हणायचे, "सोडेन. इतकं मार्गी लागलं की सोडेन."

मग आली दारं बंद करायची पाळी. नवीन घरात जुनी अडगळ का न्यायची, म्हणून शलाकाने सर्व्हरच्या नोंदी काढल्या. कोणत्या दारावर पावसाळा सुरू झाल्यापासून एकही टकटक झालेली नाही, ते पाहिलं. त्यात एक दार निघालं अदलाबदलीचं. दोन पेशंटांनी आपसात वार बदलायचे असतील तर त्याचं. माझंच बांधलेलं, पण कुणासाठी, कोणत्या वर्षी, काही आठवेना. आतला हँडलर तर इतका गुंतागुंतीचा की मला स्वतःलाही वाचवेना. शलाकाने विचारलं, "काकू, लागतं का?" मी पूनमला फोन लावला. पूनम म्हणाली, "अरे नहीं काकू, महीनों से नहीं दबाया. हटा दो, स्क्रीन पे एक बटन कम." तिघींचं एकमत. दार बंद झालं, बटणही गेलं.

आता बघ, आम्ही तिघी इथल्याच. माझं जन्म-लग्न सगळं ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातलं, पूनम हजीऱ्याची, तू इंदूरची असलीस तरी घरात पंचांग लटकवणाऱ्या आईची मुलगी. पण एकीच्याही डोक्यात आलं नाही की आम्ही मोजलं कधी? आषाढ ते आश्विन. चातुर्मासात. आणि डायलिसिसचा माणूस आपली खुर्ची कशासाठी सोडतो? आजारी पडला तर पुढे ढकलायचं दार वेगळं होतं. सणाला सेंटर सगळ्यांचीच वेळ बदलायचं. एकट्याने दुसऱ्या कुणाशी वार बदलायची पाळी येते ती घरच्या लग्नालाच. देव झोपलेले होते, शहरात एक वरात नव्हती, आणि आम्ही बसून टकटक मोजत होतो.

देवउठनी एकादशी झाली, तुळशीचं लग्न झालं. पुढच्याच आठवड्यात, बुधवारी सकाळी, पूनमचा फोन. आवाज दबलेला.

"काकू, वो अदला-बदली वाला बटन कहाँ गया?"

सरोजताई आल्या होत्या. पडावला स्टेशनजवळ त्यांच्या यजमानांचं पार्सल बुकिंगचं दुकान आहे, आपल्याच लोकांपैकी, फार बोलणं नाही, काही नाही. मंगळवार-शुक्रवार त्यांचा वार. आणि शुक्रवारी झाशीला त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न. गुरुवारी कुणाची खुर्ची मिळाली तर डायलिसिस करून गाडीने निघायचं, असं त्या धरून चालल्या होत्या, कारण मागे कुणाच्या तरी लग्नात तसं झालेलं त्यांनी पाहिलं होतं.

गुरुवार पूर्ण भरलेला. नवीन वेळ द्यावी तर सॉफ्टवेअर म्हणे, या पेशंटला या आठवड्याची खुर्ची आहे. आणि नुसतं तोंडी बदलून चालणारं नव्हतं. त्यांचा इलाज सरकारी कार्डावर, सॉफ्टवेअरमध्ये नाव नाही तर स्टोअरमधून किट निघत नाही. शिवाय कुणाचं मशीन कुणाला चालतं ते बघावं लागतं, काविळीसारखा आजार रक्तात असलेल्यांचं मशीन वेगळं असतं.

फोनवर मला मागून सरोजताईंचा आवाज येत होता. "राहू दे पूनम. एक वार चुकला तर काय होतंय. कन्यादान करून शनिवारी येते."

पूनम बाहेर गेली असावी, कारण मग ती मोकळं बोलली. "काकू, पिछली बार एक दिन छूटा था तो फेफड़ों में पानी भर के आई थीं. दो आदमी उठा के लाए थे. मैं नहीं जाने दूँगी. और वो रुकेंगी नहीं."

मी फोन ठेवला आणि शलाकाला सांगितलं. सांगताना मला ते दार आठवलं, कुणासाठी बांधलं होतं ते. एका बापाला मुलाच्या वरातीला जायचं होतं. त्या दाराची किंमत त्यालाच काय ती कळली असेल.

शलाका म्हणाली, "इंदूरहून सांगितलंय, दोन्ही कोड पूर्ण जुळेपर्यंत नवीन काही लावायचं नाही. विचारावं लागेल."

"विचार मग."

तिने विचारलं. उत्तर आलं, जुळवणी झाल्यावर घेऊ. तिने परत लिहिलं की पेशंटचा प्रश्न आहे. त्यावर काहीच आलं नाही. मी तिच्याकडे बघत नव्हते, खाली रस्त्यावर बघत होते. नोकरी तिची होती. माझं काय, मी तशीही निघायच्या बेतात होते. मी तिला करच म्हणू शकत नव्हते.

"काकू," ती म्हणाली, "तुमचा जुना हँडलर मला परत नाही आणता येणार. तो पेशंट, किट, मेसेज, सगळीकडे हात घालतो. ते सगळं आता जागेवर नाही."

"मग?"

"मग नवीन. छोटा. तुम्ही नियम सांगा, मी लिहिते."

मी सांगत गेले. दोघांची मशीनं एका जातीची हवीत. दोघांच्या मधल्या दिवसांचं अंतर फार वाढता कामा नये. दोघांचा होकार हवा. ती खुर्च्यांच्या फोल्डरमध्ये एक दार लावत होती, त्याच्या आड चार ओळींचा हँडलर, आणि नियम आत, त्यांच्या ठिकाणी. किटच्या फोल्डरला नुसतं कळवायचं की दोन नावं बदलली, पुढचं त्याचं ते बघणार. खालच्या दुकानात दुपारचे डबे उघडायची वेळ झाली नव्हती तोवर खोट्या दोन पेशंटांची अदलाबदल होऊन आम्ही ती परत फिरवूनही पाहिली. माझ्या त्या लांब फाईलमध्ये हे काम मला आठवडाभरातही झालं नसतं. मी तिला तसं म्हटलं नाही तेव्हा. आता म्हणते.

तिने इंदूरला कळवलं, "लावलं आहे. चुकलं तर जबाबदारी माझी." आणि खुर्ची मागे सारून पाणी प्यायली.

मग दाराने शोधून दिलं की गुरुवारच्या माणसांत सरोजताईंशी जुळणारा माणूस एकच. तोमरजी.

ते गुरुवारचे असले तरी बुधवारी पुतण्याची तब्येत दाखवायला शेजारच्या दवाखान्यात आले होते, पूनमने त्यांना हटकून थांबवून ठेवलं. मी टेम्पो करून हजीऱ्याला गेले. सरोजताई बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, हाताला पाटल्यांच्या जागी पट्टी. तोमरजी उभेच.

"मैडम, शादी इनकी बिटिया की है, खिड़की हमारी क्यों जाए?"

मी म्हटलं, "एक दिन के लिए, तोमरजी. शुक्रवार को आप इनकी चेयर पे बैठ जाइए."

"दरवाज़े के पास वाली? वहाँ हर आता-जाता मेरा मुँह देखेगा."

पूनम म्हणाली, "आपका मुँह देखने लायक है, बाबूजी."

"तू चुप रह." मग ते सरोजताईंकडे वळले. "लड़का क्या करता है?"

"रेल्वेत आहे," सरोजताई मराठीतच म्हणाल्या. त्या बहुतेक भांबावल्या होत्या. मग हिंदीत म्हणाल्या, "रेलवे में है, भाईसाहब."

तोमरजींनी मिशीवरून हात फिरवला. "और हमारा एक दिन आगे खिसकेगा तो पानी?"

पूनमने समजावलं, एक दिवस जास्त, प्यायलेलं पाणी अंगातच साचेल, म्हणून पाणी जरा कमी प्यायचं, चहा अर्धा. ते ऐकून त्यांचा चेहरा खरोखरच पडला. खिडकीपेक्षा तो चहाच त्यांना जड गेला असं मला वाटतं.

"ठीक है," ते म्हणाले. "लेकिन बिटिया से कहना, बाप की उमर का एक आदमी उसकी शादी के लिए प्यासा बैठा था."

पूनमने बटण दाबलं. मी तिच्या खांद्यामागून बघत होते. दोन नावं जागा बदलून बसली. स्टोअरमधून गुरुवारचं किट सरोजताईंच्या नावाने निघालं. सरोजताईंनी पिशवीतून पत्रिका काढून तोमरजींच्या हातात दिली. त्यांनी ती चष्म्याशिवाय, लांब धरून, पूर्ण वाचली.

गुरुवारी त्या खिडकीजवळ बसल्या, संध्याकाळच्या गाडीने झाशीला गेल्या. कन्यादान झालं. मंगळवारी आपल्या पायांनी चालत सेंटरवर आल्या.

तुला इंदूरहून बोलणी बसली, ती तू मला बरेच दिवस सांगितली नाहीस. नंतर तूच नियम केलास की वर्षभराचे सगळे महिने उलटल्याशिवाय कुठलंही दार बंद करायचं नाही, आणि दाराशेजारी दोन ओळी लिहायच्या की इथे कोण येतं आणि कधी. ते चांगलं केलंस. माझी जुनी फाईल हळूहळू रिकामी होत गेली. शेवटी तिच्यात काहीच उरलं नाही तेव्हा तू विचारलंस, काढू का? मी काढ म्हटलं आणि बॅग उचलून घरी गेले. त्यानंतर सेंटरांवरून मला फोन यायचे कमी झाले. पूनमला बटणं सापडतात, बिघडलं तर इंदूरचा नंबर आहे. हेच तर पाहिजे होतं. तरी दुपारी फोन वाजला की हात अजून पटकन जातो, आणि निघतो कुठला तरी कर्ज देणारा.

थकले गं मी. कामाने नाही, ते संपलं. इतकी वर्षं सतत कुणाची तरी खुर्ची डोक्यात ठेवून राहिल्याचा थकवा आहे, तो उतरत नाही.

सरोजताईंकडे मी अधूनमधून जाऊन बसते. आता त्यांचं चालणं बंद झालं आहे, यजमान धरून आणतात. हाताची नस काम देत नाही, डॉक्टर मानेतून करतात. मुलगी झाशीहून आलेली आहे, तिला एक छोकरी आहे, ती सेंटरच्या बाहेर बाकावर खेळत असते. परवा सरोजताईंनी विचारलं, "ती इंदूरची मुलगी कोण हो, जिने माझं काम केलं होतं? पूनम नाव घेते, मी कधी पाहिलं नाही." मी म्हटलं, येणार आहे. त्या म्हणाल्या, "मंगळवार-शुक्रवार मी इथेच असते. तिला सांगा."

तेव्हा शलाका, दिवाळीचं राहिलं तर राहू दे. कुठल्याही मंगळवारी ये, पण पुढच्या महिन्यावर टाकू नकोस. सकाळच्या गाडीने उतर, मी स्टेशनवर असेन, तिथूनच दोघी हजीऱ्याला जाऊ.